सिगारेटच्या धुरातली नायट्रोसामाइन्स: मोजणीच्या कामाच्या नोंदी

मोजायची नायट्रोसामाइन्स (तंबाखूतली नायट्रोसो गटाची संयुगं) चार, लघुनावांनी: एनएनएन, एनएनके, एनएटी आणि एनएबी. चारही निकोटीन आणि त्याच्या जवळच्या अल्कलॉइड्सपासून तयार होतात. पहिली दोन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत गट १ मध्ये आहेत, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी. उरलेली दोन गट ३ मध्ये. अहवालात वजन पहिल्या दोघांनाच, पण चौघांची मोजणी एकाच इंजेक्शनमध्ये होते, म्हणून चारही घेतली.

एकाच सिगारेटची तंबाखू आणि धूर, दोन्ही तपासायचे. एलसी-एमएसएमएस (कॉलममध्ये संयुगं वेगळी करून मग मास स्पेक्ट्रोमीटरने वस्तुमानावरून मोजणारं यंत्र), लिनिअर स्मोकिंग मशीन (रांगेत लावलेल्या सिगारेटी ओढणारं), ४४ मिमी केंब्रिज पॅड (धूर अडवणारं काचतंतूंचं पॅड), आणि दोन्हीकडे द्रावक एकच: १०० मिलीमोलर अमोनियम ॲसिटेट, म्हणजे लिटरला ७.७ ग्रॅम. हेच काम हाती घेणाऱ्यांनी वेळेचा अंदाज बांधताना एक लक्षात ठेवावं: मास स्पेक्ट्रोमीटरवरचं काम थोडं असतं. वेळ जातो तो धूर पॅडवर नीट उतरेपर्यंत.

३ जून: स्टँडर्ड

स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्याशी नमुने ताडायचे ते माहीत प्रमाणाचं द्रावण. त्यासाठी कोरडी पावडर मागवलीच नाही. मिलिग्रॅमभर कर्करोगकारक भुकटी तोलण्यात धोका जास्त आणि अचूकता कमी. सीलबंद अँप्यूलमधली तयार द्रावणं घेतली. महाग पडतात, पण भुकटी हाताळायची सोय उभी करण्यापेक्षा परवडतात. सगळं तपकिरी काचेत. नायट्रोसामाइन्सना उजेड सोसत नाही. साध्या व्हायल (छोट्या बाटल्या) खिडकीजवळच्या ऑटोसॅम्पलरमध्ये (आपोआप इंजेक्शन देणाऱ्या भागात) राहिल्या की आकडे हळूहळू उतरतात आणि दोष भलत्यालाच दिला जातो.

कॅलिब्रेशन (माहीत प्रमाणांची मोजपट्टी) ०.५ ते २०० नॅनोग्रॅम प्रति मिली. इंटर्नल स्टँडर्ड (सगळीकडे सारखंच घालून ज्याच्याशी गुणोत्तर काढायचं ते) म्हणजे चारही संयुगांची डी४ रूपं (चार हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, असलेली), प्रत्येक व्हायलमध्ये १० नॅनोग्रॅम प्रति मिली. हा आकडा असा आला: सौम्य पद्धतीने (पद्धती २५ जूनच्या नोंदीत) ओढलेल्या संदर्भ सिगारेटमागे एनएनएन साधारण १०० नॅनोग्रॅम धरलं, तर ५ सिगारेटींचे ५०० नॅनोग्रॅम २० मिलीत उतरतात. म्हणजे २५ नॅनोग्रॅम प्रति मिली. इंटर्नल स्टँडर्ड त्याच घरातलं हवं.

कॅलिब्रेशनची शेवटची पातळणी मेथॅनॉलमध्ये करू नये. मेथॅनॉलमधलं इंजेक्शन पाणीदार मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावात) गेलं की लवकर बाहेर पडणारं एनएनएन पसरतं. नमुने मात्र अमोनियम ॲसिटेटमध्ये असतात, तिथे ते नीट दिसतं. मग स्टँडर्डचे पीक (आलेखावरचे उंचवटे) बसके आणि नमुन्यांचे टोकदार, अशी विसंगती येते. मूळ साठा मेथॅनॉलमध्ये चालतो, कामाची द्रावणं मात्र १०० मिलीमोलर अमोनियम ॲसिटेटमध्येच बनवावीत.

७ जून: कॉलम आणि दुभंगलेलं एनएनएन

मास स्पेक्ट्रोमीटर धन आयन पद्धतीवर. मोजणीचे आणि पडताळणीचे आयन (बाणाआधी मूळ आयनाचं वस्तुमान, बाणानंतर त्याच्या तुकड्याचं):

एनएनएन १७८ → १४८, पडताळणीला १७८ → १२०
एनएनके २०८ → १२२, पडताळणीला २०८ → ७९
एनएटी १९०  → १६०, पडताळणीला १९० → ७९
एनएबी १९२ → १६२, पडताळणीला १९२ → १३३

डी४ रूपांसाठी दोन्ही बाजूंना ४ मिळवायचे: १८२ → १५२, २१२ → १२६, १९४ → १६४, १९६ → १६६. चारही ड्यूटेरियम पिरिडीनच्या कड्यावर असल्यामुळे तुकडा पडला तरी ते सोबत राहतात. एनएनके सोडून बाकी तिघांत ३० निघून जातात, तो नायट्रोसो गटाचा एनओ. ७९ वाला आयन पिरिडीनचा, म्हणून तंबाखूतल्या इतर बऱ्याच संयुगांतूनही येतो. तिथे पार्श्वभूमी उंच दिसते. त्यावर मोजणी करायचा मोह टाळावा.

कॉलम सी१८, २.१ × ५० मिमी, २.५ मायक्रॉन. मोबाइल फेज पाणी आणि मेथॅनॉल, दोन्हींत ०.१ टक्का ॲसिटिक आम्ल. कॉलम ३० अंशांवर होता तेव्हा एनएनएनचं एक पीक यायच्या जागी दोन उंचवटे आले, मध्ये दरी. एनएनकेलाही खांदा. आधी संशय कॉलमवर गेला, नवा लावला, चित्र तेच. खरं कारण रेणूतच आहे: नायट्रोजन-नायट्रोजन बंधाभोवती फिरणं अडतं, त्यामुळे दोन भौमितिक रूपं तयार होतात आणि थंड कॉलमवर ती वेगळी वेगळी बाहेर पडतात. कॉलम तापवला की रूपांतर वेगाने होतं आणि दोन्ही एकत्र येतात. ६० अंशांवर एकच पीक मिळालं, पायथ्याशी किंचित रुंद. आपला कॉलम ६० अंश सोसतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच तापमान चढवावं.

ज्यांना तेवढं तापवता येत नाही त्यांनी दोन्ही उंचवट्यांची बेरीज घ्यावी, आणि डी४ रूपाचंही अगदी तसंच. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते कधी एक उंचवटा उचलतं, कधी दोन. पुनरावृत्तीतला फरक अचानक वाढला तर आधी इंटिग्रेशन (पीकच्या क्षेत्रफळाची मोजणी) उघडून बघावं.

दुसरी अडचण एनएटी आणि एनएबीची. दोघं जवळजवळ एकत्रच बाहेर येतात. वस्तुमान २ ने वेगळं, म्हणून काळजी नको असं वाटतं. पण एनएटीच्या रेणूत १० कार्बन आहेत, आणि त्यांपैकी दोन कार्बन-१३ असलेले रेणू १९२ → १६२ याच वाटेने येतात. हिशेबाने हा वाटा एनएटीच्या सुमारे ०.५ ते ०.६ टक्के. एनएटी हे एनएबीच्या दहापट असेल तर एनएबीत ५ ते ६ टक्के खोटी भर. ग्रेडियंटचा (मेथॅनॉल वाढवत नेण्याचा) मधला उतार मंदावला आणि दोघं पुरेशी वेगळी झाली. फक्त एनएटीचं स्टँडर्ड इंजेक्ट करून एनएबीच्या खिडकीत काय दिसतं ते पाहणं, ही याची सोपी चाचणी. मात्र एनएटीच्या स्टँडर्डमध्ये मुळातच थोडं एनएबी असू शकतं, म्हणून वेळ जुळते का हेही पाहावं.

११ जून: ब्लँक

ब्लँकमध्ये, म्हणजे कोऱ्या पॅडच्या अर्कात, एनएनएनचं छोटं पीक. कॅरीओव्हर (आधीच्या इंजेक्शनमधलं मागे राहिलेलं) नव्हता, कारण पुढच्या शुद्ध द्रावकाच्या इंजेक्शनमध्ये ते नव्हतं. कोरी पॅड्स स्मोकिंग मशीनच्या खोलीत उघडी राहात होती. बाजूला निघणारा धूर त्यांच्यावर बसत होता. आता पॅड्स बंद डब्यात, तंबाखू दळायची जागा वेगळी, आणि स्टँडर्ड बनवायच्या टेबलावर तंबाखू आणायचीच नाही.

एनडीएमएसारख्या हलक्या नायट्रोसामाइन्सचं काम केलेल्यांना रबराच्या बुचांची धास्ती असते. ती तिथे रास्त आहे. रबरातून ही चार येत नाहीत.

१४ जून: तंबाखूचा अर्क

सिगारेटी उकलून तंबाखू काढली, गोठवली आणि मग दळली. न गोठवता दळली तर पातं तापतं आणि ओलसर तंबाखू भांड्याला चिकटते. १ मिमी चाळणीतून गाळली. चाळणीवर उरलेली शिरांची भरड फेकायची नाही, पुन्हा दळून मिसळायची. शीर आणि पान यांतलं प्रमाण वेगळं असतं, भरड टाकली की नमुनाच बदलतो.

०.७५ ग्रॅम तंबाखू, इंटर्नल स्टँडर्ड (१००० नॅनोग्रॅम प्रति मिलीचं ३०० मायक्रोलिटर), ३० मिली द्रावक, ४० मिनिटं शेकरवर. इंटर्नल स्टँडर्ड द्रावकाच्या आधी. अर्क ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून, पहिला मिलीभर फेकून. वेळ पुरतो का हे २०, ४० आणि ६० मिनिटांचे अर्क शेजारी ठेवून तपासावं. इंटर्नल स्टँडर्ड पानाच्या आत शिरलेलं नसतं, त्यामुळे अपुरा अर्क ते झाकत नाही. गुणोत्तर सुरेख येतं आणि उत्तर कमी.

ओलाव्याचा घोळ इथेच मिटवून टाकावा. निकाल कोरड्या वजनावर द्यायचा असतो. ओल्या वजनावर २.० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असेल आणि ओलावा १२ टक्के असेल, तर २.० भागिले ०.८८, म्हणजे २.२७. पण हा १२ टक्के कुठून आला? ओव्हनमध्ये पाण्यासोबत ग्लिसरॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि थोडं निकोटीनही उडतं, म्हणून ओव्हनचा आकडा फक्त पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर पद्धतीपेक्षा मोठा येतो. दोन्ही पद्धती वापरात आहेत. कोणती वापरली ते निकालाशेजारी लिहिलं नाही तर तुलना फसते. आणि ओलाव्यासाठी तापवलेला भाग पुन्हा नायट्रोसामाइनच्या अर्काला वापरू नये. ओलाव्याचा नमुना वेगळा, त्याच दिवशी तोललेला.

१८ जून

दळलेली तंबाखू उणे २० अंशांवर, हवाबंद. बर्लीसारख्या हवेत वाळवलेल्या तंबाखूत नायट्रेट भरपूर असतं. उष्ण, दमट जागी ती पडून राहिली की नायट्रोसामाइन्स वाढत जातात. एकाच पिशवीतला नमुना पुन्हा तपासल्यावर आकडा चढला तर पद्धतीआधी साठवण तपासावी.

२१ जून: सिगारेटींचं कंडिशनिंग

ओढण्याआधी सिगारेटी ठरावीक ओलाव्याला आणायच्या: २२ अंश सेल्सिअस, ६० टक्के आर्द्रता, किमान ४८ तास. आर्द्रतेत ३ टक्क्यांपर्यंतच खाली-वर चालतं. कक्ष बिघडला म्हणून सोडियम ब्रोमाइडच्या संपृक्त द्रावणावर बंद पेटी चालवून पाहिली. ते द्रावण २५ अंशांना ५७.६ टक्क्यांच्या आसपास धरतं, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. खोली जरा तापली की बाहेर. ग्लिसरॉल-पाण्याच्या मिश्रणाने नेमकं ६० गाठता येतं, पण मिश्रण पाणी शोषतं किंवा सोडतं, म्हणून आर्द्रतामापक आत हवाच.

पाकिटं उघडून सिगारेटी एका थरात पसरायच्या. रचून ठेवल्या तर मधल्या कोरड्या राहतात. कोरडी सिगारेट भरभर जळते, झुरके कमी पडतात आणि पॅडवर धूर कमी उतरतो.

२५ जून: स्मोकिंग मशीन

इथे सर्वांत जास्त वेळ गेला.

दोन पद्धती. सौम्य: ३५ मिलीचा झुरका, २ सेकंदांचा, दर ६० सेकंदांनी, फिल्टरवरची छिद्रं उघडी. तीव्र: ५५ मिली, २ सेकंद, दर ३० सेकंदांनी, छिद्रं पूर्ण बंद. माणूस नेमका या दोन्हींसारखा ओढत नाही; या पद्धती उत्पादनांची तुलना करण्यासाठी आहेत.

झुरक्याचं आकारमान साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरने तपासलं. मोकळ्या तोंडावर ३५.० यायचे, सिगारेट लावली की कमी. म्हणून तपासणी १ किलोपास्कल दाब पाडणारा मानक अडथळा लावूनच करायची, सहनशीलता ०.३ मिली. एका वाटेवर (मशीनवरच्या सिगारेट लावायच्या जागेवर) अडथळा लावला की झुरका उतरत होता: गळती. पॅडच्या होल्डरची ओ-रिंग चपटी झाली होती. बदलली, तरी थोडी गळती उरली. ती सिगारेट धरणाऱ्या रबरी पाकळ्यांतून निघाली. पाकळ्या डांबराने कडक होतात, डोळ्यांना दिसत नाही. हा भाग स्वस्त आहे, साठा ठेवावा.

सिगारेटींभोवतालच्या हवेचा वेग सेकंदाला २०० मिमीच्या आसपास हवा. वेग वाढला की झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट जास्त जळते. वेगमापक नसला तरी झुरक्यांची संख्या हे खोटं पकडते. संदर्भ सिगारेट म्हणून केंटकी विद्यापीठाची १आर६एफ घेतली. तिचे झुरके ठरावीक पट्ट्यातून बाहेर गेले तर त्या फेरीचं धुराचं पॅड अर्कापर्यंत न्यायचंच नाही. मास स्पेक्ट्रोमीटरवर जाण्याआधीची ही सर्वांत स्वस्त चाळणी आहे, आणि तीच बरेचजण नोंदवत नाहीत.

थोटकाची खूण: २३ मिमी, किंवा फिल्टर अधिक ८ मिमी, किंवा टिपिंग कागद अधिक ३ मिमी, यांतलं सर्वांत मोठं. पेन्सिलीने खूण करताना कागद टोचला तर तिथून हवा शिरते.

२८ जून: छिद्रं बंद करणं

तीव्र पद्धतीत फिल्टरवरची छिद्रं चिकटपट्टीने झाकली. पट्टी २० मिमी रुंद, पूर्ण वेढा आणि थोडा वरचढ. सुरकुती पडली तर तिच्या खालून बारीक वाट राहते आणि होल्डरच्या पाकळ्याही त्या घडीवर नीट बसत नाहीत. लक्षण असं: त्या एकाच वाटेवर झुरके जास्त, पॅडचं वजन कमी. पट्टी लावण्याचं काम एकाच माणसाने करावं. माणूस बदलला की फरक दिसतो.

१ जुलै: भरलेलं पॅड

४४ मिमी पॅड सुमारे १५० मिलिग्रॅम धूर धरतं. तीव्र पद्धतीत संदर्भ सिगारेट एकटीच ४० मिलिग्रॅमच्या पुढे देते. पाच ओढल्या तेव्हा पॅडच्या मागच्या बाजूला पिवळट-तपकिरी डाग, म्हणजे धूर आरपार. आता तीव्र पद्धतीत ३ आणि सौम्य पद्धतीत ५. पॅडची खरबरीत बाजू येणाऱ्या धुराकडे.

शेवटच्या सिगारेटनंतर काही कोरे झुरके, म्हणजे होल्डरमधला धूर पॅडवर येतो. पॅड लगेच तोलायचं. मग होल्डरच्या आतली भिंत स्वच्छ पॅडच्या तुकड्याने पुसून तो तुकडाही अर्काच्या बाटलीत. तीव्र पद्धतीत भिंतीवर बरंच राहतं.

अर्क: पॅड बाटलीत, त्यावर इंटर्नल स्टँडर्ड २०० मायक्रोलिटर, मग २० मिली द्रावक, ४० मिनिटं शेकरवर. शेकर गोल फिरणारा, मध्यम वेगाचा. जोरात हलवलं तर काचतंतूंचा लगदा होतो आणि सिरिंज फिल्टर चोंदतो.

५ जुलै: पॅडवर नव्याने बनणारं एनएनएन

धुरात नायट्रोजन ऑक्साइड्स असतात, पॅडवर नॉरनिकोटीनसारखे अमाइन्स. दोघं एकत्र राहिले तर पॅडवरच नायट्रोसामाइन बनू शकतं, जे धुरात मुळात नव्हतं. जुन्या पद्धतींत यासाठी पॅडवर ॲस्कॉर्बिक आम्ल टाकत. आमच्या पद्धतीत याची गरज आहे का, हे तपासायला कोऱ्या पॅडवर नॉरनिकोटीन-डी४ टाकून त्यावर सिगारेटी ओढल्या. बनलंच तर त्यातून एनएनएन-डी४ बनणार, आणि ते नेमकं आपलं इंटर्नल स्टँडर्ड! म्हणून या फेरीत एनएनएन-डी४ घालायचं नाही. हिशेब एनएनके-डी४ वर. नॉरनिकोटीन-डी४ मध्ये आधीच एनएनएन-डी४ ची अशुद्धी नाही ना, हेही न ओढलेल्या पॅडवर पाहून घ्यायचं.

लगेच अर्क काढलेल्या पॅडवर १८२ → १५२ चं पीक नगण्य. रात्रभर तसंच ठेवलेल्या पॅडवर ते स्पष्ट वाढलं. नियम ठरला: ओढून झालं की पॅड द्रावकात. उद्यासाठी ठेवायचाच असेल तर अर्क ठेवावा, पॅड नाही.

९ जुलै: मॅट्रिक्स

कॅलिब्रेशनच्या तुलनेत धुराच्या अर्कात इंटर्नल स्टँडर्डच्या पीकचं क्षेत्रफळ बरंच कमी, कारण मॅट्रिक्स, म्हणजे अर्कातली बाकीची द्रव्यं, सिग्नल दडपतात. गुणोत्तर टिकतं, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. पण एनएबीचं पीक गोंगाटात बुडतं. निकोटीन सिगारेटमागे मिलिग्रॅममध्ये आणि ही संयुगं १०० नॅनोग्रॅमच्या घरात, म्हणजे दहा हजारपटीचा फरक. आम्लीय मोबाइल फेजमध्ये निकोटीन सुरुवातीलाच बाहेर पडतं. ती वेळ व्हॉल्व्हने कचऱ्याकडे वळवली, आणि सोर्स (मास स्पेक्ट्रोमीटरचा आयन बनवणारा भाग) मळण्याचा वेग लक्षणीय घटला. इंजेक्शन ५ मायक्रोलिटरवरून वाढवून फायदा होत नाही, दडपण त्याच प्रमाणात वाढतं.

प्रत्येक व्हायलमधलं इंटर्नल स्टँडर्डचं क्षेत्रफळ आलेखावर मांडावं. हळू उतार म्हणजे सोर्स मळतोय. एकाच व्हायलमध्ये खड्डा म्हणजे पिपेटिंग हुकलं किंवा फिल्टर फुटला.

१६ जुलै: निकालाची मांडणी

क्रम: ब्लँक, कॅलिब्रेशन, ब्लँक, १आर६एफ, नमुने, मधला कॅलिब्रेशन बिंदू, पुन्हा १आर६एफ. पडताळणी आयनाचं गुणोत्तर स्टँडर्डच्या २० टक्क्यांच्या आत नसेल तर तो निकाल देत नाही.

सिगारेटमागे नॅनोग्रॅम, आणि सोबत निकोटीनच्या मिलिग्रॅममागे नॅनोग्रॅम, असे दोन आकडे द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियमन अभ्यासगटाने सुचवलेल्या मर्यादा दुसऱ्या प्रकारच्या आहेत: तीव्र पद्धतीत एनएनकेसाठी ७२ आणि एनएनएनसाठी ११४ नॅनोग्रॅम प्रति मिलिग्रॅम निकोटीन. त्यासाठी निकोटीन त्याच पद्धतीने ओढलेल्या धुरातून मोजलेलं हवं. पाकिटावरचा किंवा सौम्य पद्धतीचा आकडा भागाकारात घातला तर उत्तराला अर्थ उरत नाही.

धुरातल्या या संयुगांचा मोठा भाग तंबाखूतूनच जसाच्या तसा येतो. म्हणून नमुन्यांचा तंबाखूतला क्रम आणि धुरातला क्रम साधारण जुळायला हवा. फिल्टर आणि छिद्रांमुळे थोडं इकडे-तिकडे. एक नमुना तंबाखूत वरच्या क्रमांकावर आणि तीव्र पद्धतीच्या धुरात तळाला आला. पॅडचं वजनही कमी होतं. छिद्रांवरची पट्टी सुटलेली निघाली, नमुना पुन्हा ओढला.

२३ जुलै: उरलेलं

सौम्य पद्धतीच्या धुरात एनएबी अजून कॅलिब्रेशनच्या खालच्या टोकाशी घुटमळतं. शून्य न लिहिता "मोजणीच्या मर्यादेखाली" लिहायचं आणि मर्यादेचा आकडा शेजारी द्यायचा. ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिली, २० मिली, ५ सिगारेटी: म्हणजे सिगारेटमागे २ नॅनोग्रॅम. मर्यादा उतरवायला अर्क १० मिलीत घेऊन पाहिला, पण पॅडच इतकं द्रावण शोषून धरतं की फिल्टरपुरतंही धड हाती येत नाही. २० मिलीच ठेवले.

वापरलेली स्टँडर्ड, अर्क आणि पॅड्स वेगळ्या, झाकणबंद कचऱ्यात, कर्करोगकारक अशी चिठ्ठी लावून. बेसिनमध्ये काहीही नाही.